गाड्या जवळ येतात, पुढे का जात नाहीत? फॉर्म्युला वनमधल्या ओव्हरटेकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातली शर्यत आपल्याकडे बहुतेक रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. तोवर वावरातली माणसं घरी आलेली असतात. आर्णी-दिग्रस पट्ट्यातल्या आमच्या गावात मोबाइलवर आणि जमेल तेव्हा शेडमध्ये पडदा लावून फॉर्म्युला वन बघणाऱ्यांचा गट चांगला वाढला आहे, आणि आजूबाजूच्या गावांतूनही प्रश्न येत राहतात. पटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) गर्दीत उभं राहून वाढलेली ही माणसं आहेत. शर्यतीत चुरस पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात. ते विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, या गाड्या एकामागं एक नुसत्या पळतात. ओव्हरटेक कायले करत नाहीत?

करायचं सगळ्यांनाच असतं. तीन गोष्टी आड येतात. शर्यतीआधीच गाड्या वेगाच्या क्रमाने उभ्या केलेल्या असतात (प्रश्न २). पुढच्या गाडीच्या जवळ गेलं की मागच्या गाडीची वळणावरची पकड सुटते (प्रश्न ३ ते ५). आणि ब्रेक इतके जबरदस्त, गाड्या इतक्या रुंद झाल्या आहेत की शिरायला ना वेळ उरतो ना जागा (प्रश्न ६ आणि ७). यातलं मधलं कारण सगळ्यात मोठं. चालक घाबरतात किंवा निकाल आधीच ठरलेला असतो, असं पारावर बोललं जातं, पण त्यात तथ्य नाही. जगातले सगळ्यात धीट चालक या गाड्यांत बसतात आणि तरीही अडकतात.

२. शनिवारच्या क्वालिफाइंगचा अन् रविवारच्या ओव्हरटेकचा काय संबंध?

शनिवारी प्रत्येक गाडी मोकळ्या रस्त्यावर आपली सगळ्यात वेगवान फेरी मारते. जिची वेळ सगळ्यात कमी, ती रविवारी सगळ्यात पुढे. म्हणजे शर्यत सुरू होते तेव्हा वेगवान गाडी पुढे आणि हळू गाडी मागे असते. हळू गाडीने वेगवान गाडीला मागे टाकायचं कसं? ओव्हरटेक व्हायला हा क्रम कुठेतरी बिघडावा लागतो: सुरुवात फसावी, कोणाला दंड लागावा, पाऊस यावा, एकाचे टायर नवे आणि दुसऱ्याचे जुने असावेत.

त्यात २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली आणि गाड्या एकमेकींच्या जवळ आल्या. २०२५ मध्ये बऱ्याच सर्किटांवर पहिल्या आणि शेवटच्या गाडीच्या वेळेत एक-दीड सेकंदाच्या आसपासच फरक असायचा. बरोबरीच्या गाड्या म्हणजे जास्त ओव्हरटेक, असं वाटतं खरं, पण होतं उलट. पुढे जायला मागची गाडी नुसती थोडी वेगवान असून चालत नाही, ठळक वेगवान असावी लागते. बहुतेक सर्किटांवर हा फरक एका फेरीत सेकंदाच्या घरात लागतो, आणि तेवढा फरक तेव्हा गाड्यांत राहिलेलाच नव्हता.

३. ‘डर्टी एअर’ म्हणजे काय? धूर असते का?

धूर नाही, विस्कटलेली हवा.

फॉर्म्युला वनची गाडी हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटते. पुढचा पंख, मागचा पंख आणि गाडीचा तळ असे घडवलेले असतात की वाहती हवा गाडीला खाली दाबते. विमानाला जी हवा वर उचलते, तीच इथे उलटी वापरलेली आहे. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो, आणि मोठ्या वेगात तो गाडीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भरतो. म्हणून ज्या वळणावर आपल्याला ब्रेक मारूनही भीती वाटेल, तिथे ही माणसं अडीचशेच्या वेगाने निघून जातात.

पण यासाठी गाडीवर येणारी हवा सरळ आणि शांत पाहिजे. पुढे दुसरी गाडी असली की तिने ती हवा आधीच फाडलेली, गरगरवलेली असते. नागपूर-अमरावती रोडवर मोटारसायकलने कधी मोठ्या ट्रकच्या मागे गेला असाल तर दोन गोष्टी जाणवल्या असतील: समोरचा वारा एकदम कमी होतो, आणि त्याच वेळी हँडल डगमगायला लागतं. फॉर्म्युला वनच्या चालकाचंही तेच होतं. फरक एवढाच की वेगातल्या वळणावरची त्याची बहुतेक पकड त्या हवेवरच उभी असते.

फॉर्म्युला वननेच दिलेले आकडे आहेत. २०२१ पर्यंतच्या गाड्या पुढच्या गाडीच्या २० मीटर मागे आल्या की सुमारे ३५ टक्के दाब गमावत, आणि १० मीटरवर आल्या की जवळजवळ ४६ टक्के. जवळजवळ निम्मा दाब गेल्यावर वळणात पाठलाग कोण करील?

४. मंग ट्रकच्या मांगं गाडी हलकी पळते, तशी ही पण पळाले पायजे ना?

पळते, पण सरळ रस्त्यावर. वाऱ्याचा अडथळा कमी झाल्याने मागच्या गाडीला जो जादा वेग मिळतो, त्याला स्लिपस्ट्रीम म्हणतात. अडचण अशी की सरळ रस्त्याआधी वळण असतं आणि वळणात प्रश्न ३ मधलं सगळं घडतं.

हिशेब करून बघू. दोन गाड्यांत एक सेकंदाचं अंतर आहे. ताशी ७२ किलोमीटरच्या वळणात एक सेकंद म्हणजे २० मीटर. तिथे मागचा चालक पुढच्याच्या अगदी पाठीशी दिसतो. तीच गाडी सरळ रस्त्यावर ताशी ३०० ला पोहोचली की तोच एक सेकंद ८३ मीटरचा होतो. पडद्यावर वाटतं, अरे, आत्ता तर चिकटला होता, एवढा मागे कसा पडला? तो मागे पडलेला नसतो, वेगामुळे अंतर ताणलं जातं. स्लिपस्ट्रीमचा खरा फायदा घ्यायचा तर वळणातून बाहेर पडतानाच अर्ध्या सेकंदाच्या आत असावं लागतं, आणि नेमकं तिथेच पकड सगळ्यात कमी असते. सरळ रस्त्यावरची लढाई बहुतेक वेळा त्याआधीच्या वळणातच हातची गेलेली असते.

५. दोन-तीन फेऱ्या जवळ येते अन् मंग स्वतःच मांगं पडते. दम संपते का?

चालकाचा नाही, टायरचा. पकड कमी झाली की गाडी वळणात थोडी थोडी घसरते. प्रत्येक घसरण म्हणजे टायरच्या पृष्ठभागावर घर्षण आणि उष्णता. टायर ठराविक तापमानातच नीट चिकटतो. त्याच्या वर गेला की लिबलिबीत होतो आणि आणखी घसरतो. मग संघाचा इंजिनिअर रेडिओवर सांगतो, दोन सेकंद मागे राहा, टायर थंड होऊ दे. म्हणून तो मागे जातो, दम खातो, पुन्हा येतो. अशा दोन-तीन चढाया केल्या की टायर कायमचाच बसतो आणि मग उरलेली शर्यत नुसती मागे मागे जाते.

पिरेली कंपनी २०११ पासून टायर पुरवते. लवकर झिजणारे टायर द्या म्हणजे शर्यतीत चढउतार येतील, असं सुरुवातीला तिला सांगण्यात आलं होतं. तसे चढउतार आलेही. पण त्यातून चालकांना टायर जपत, मुद्दाम हळू चालवायची सवयही लागली.

६. ब्रेक चांगले असले तर ओव्हरटेक सोपा व्हाले पायजे. नाही का?

ओव्हरटेक बहुतेक वेळा ब्रेक मारताना होतो: पुढच्याने मारल्यावर दोन क्षण उशिरा मारायचा आणि आतून शिरायचं. पण कार्बनचे ब्रेक आणि हवेचा दाब मिळून ही गाडी सव्वातीनशेच्या वेगावरून ऐंशीवर यायला शंभर-सव्वाशे मीटरच घेते. उशीर करायला जागाच नाही. पाच मीटर उशीर झाला तरी वळण चुकतं.

जोडीला चुकाही कमी झाल्या. पूर्वी हाताने गिअर टाकताना चालक चुकायचा, इंजिन क्षणभर गुदमरायचं आणि मागचा निघून जायचा. १९८९ मध्ये फेरारीने स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी आणली आणि काही वर्षांत सगळ्यांनी तेच केलं. तेव्हापासून गिअर चुकणं जवळजवळ बंदच झालं.

७. गाड्या पहिलेपेक्षा मोठ्या दिसतात. खरंच झाल्या का?

झाल्या. २०१७ मध्ये रुंदी १.८ मीटरवरून २ मीटर केली, पंख मोठे केले, टायर रुंद केले. वेग वाढला, पण २०१६ च्या मानाने ओव्हरटेक जवळपास निम्म्यावर आले. लांबी साडेपाच मीटरच्या वर गेली आणि २०२२ पासून किमान वजन ७९८ किलो झालं, पुढे ८००. वीस वर्षांपूर्वी हेच वजन चालक धरून सहाशे किलोच्या आसपास होतं. दहा मीटर रुंद रस्त्यावर दोन मीटरच्या गाडीने मधली जागा धरली की दोन्ही बाजूंना दार बंद होतं. माझ्या मते गाड्या लहान आणि हलक्या करणं हा या सगळ्यावरचा सगळ्यात सरळ उपाय आहे. तो करायला एवढी वर्षं लागायला नको होती.

८. मोनॅकोत तर काहीच होत नाही. मंग तिथं शर्यत कायले ठेवतात?

मोनॅको म्हणजे शहरातल्याच गल्ल्या, ३.३३७ किलोमीटरची फेरी, अशा ७८. २०२४ मध्ये तिथे पहिले दहा चालक ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोहोचले. पहिल्याच फेरीत मोठा अपघात होऊन शर्यत थांबली, त्या वेळात सगळ्यांनी टायर बदलून घेतले आणि उरलेली शर्यत नुसती मिरवणूक झाली. पुढच्या वर्षी टायरचे किमान तीन संच वापरायची सक्ती केली. तर काही संघांनी आपला एक चालक मुद्दाम हळू चालवून मागच्यांना अडवलं आणि दुसऱ्याला पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) जाऊन यायला मोकळी जागा करून दिली. सक्तीने रस्ता रुंद होत नाही.

तरी मोनॅको नको असं मी म्हणणार नाही. शनिवारची एक फेरी तिथे जितकी थरारक असते तितकी दुसरीकडे कुठेच नसते. आणि १९९२ मध्ये नवे टायर घातलेला नायजेल मॅन्सेल जुन्या टायरवरच्या आयर्टन सेनाच्या मागे शेवटच्या फेऱ्यांत डावीकडून, उजवीकडून डोकावत राहिला, गाडी कितीतरी वेगवान असूनही त्याला वाट मिळाली नाही. ती झुंज आजही बघावी अशी आहे.

९. रस्ता रुंद बांधला तर प्रश्न मिटते ना? आपल्या नोएडाच्या सर्किटवर काय झालं?

ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं. त्यात किलोमीटरभराचा सरळ रस्ता आहे आणि ओव्हरटेकसाठी काही वळणांची तोंडं मुद्दाम रुंद ठेवली आहेत. तिथे २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने सगळ्यात पुढून सुरुवात करून जिंकल्या. २०११ ची तर पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत तोच पुढे होता. कारण प्रश्न २ मध्ये आहे: सगळ्यात वेगवान गाडीला मोकळी हवा मिळाली की तिच्यासाठी रस्त्याची रुंदी बिनमहत्त्वाची. मधल्या फळीत मात्र तिथे झुंजी झाल्या. चांगला रस्ता मदत करतो; लांब सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला एकदम हळू वळण, हा सगळ्यात उपयोगी नकाशा. पण हवा तीच असेल तर तो पुरत नाही.

१०. डीआरएस म्हणजे काय? मागच्या पंखाची पट्टी उघडलेली दिसते ती का?

तीच. मागची गाडी ठराविक जागी पुढच्यापासून एक सेकंदाच्या आत असली की तिला मागच्या पंखाची पट्टी उघडायची मुभा मिळायची. हवेचा अडथळा कमी होऊन वेग वाढायचा. पुढच्याला ही मुभा नसायची.

हे आलं २०११ मध्ये. त्याच्या आधीच्याच मोसमात अबुधाबीला फर्नांडो अलोन्सो विजेतेपदाच्या दारात होता. टायर बदलून आला तो व्हिटाली पेट्रोव्हच्या रेनोच्या मागे, आणि आपली फेरारी वेगवान असूनही उरलेली शर्यत तिथेच अडकला. सातवा आला आणि चार गुणांनी विजेतेपद व्हेटेलकडे गेलं.

डीआरएसने ओव्हरटेकचे आकडे वाढवले. पण सरळ रस्त्याच्या मध्यावरच मागचा आरामात निघून जायचा आणि पुढच्याला बचाव करायची संधीच मिळायची नाही, त्याला मी झुंज म्हणत नाही. शिवाय चार-पाच गाड्यांची रांग लागली की पहिली सोडून सगळ्यांनाच डीआरएस मिळायचं, म्हणजे कोणालाच फायदा नाही. त्या रांगा बघून तुम्ही वैतागायचा, ते योग्यच होतं.

११. २०२२ ले सगळे नियम बदलले म्हणे. मंग फरक पडला का?

पडला, आणि चांगला पडला. नवीन गाड्यांचा बराचसा दाब तळाखालच्या बोगद्यांतून घेतला आणि पंख साधे केले, म्हणजे मागे जाणारी हवा कमी विस्कटावी. प्रश्न ३ मधल्या आकड्यांशी ताडून पाहा: २० मीटरवर तोटा ४ टक्के, १० मीटरवर १८ टक्के. बहारीनच्या पहिल्याच शर्यतीत शार्ल लक्लेर आणि मॅक्स व्हर्स्टापन लागोपाठच्या फेऱ्यांत एकमेकांच्या पुढे-मागे होत राहिले. तेव्हा वाटलं, सुटला प्रश्न.

पण संघांचे इंजिनिअर स्वतःची गाडी वेगवान करायला पगार घेतात, मागच्याची सोय बघायला नाही. पुढच्या पंखाची टोकं, तळाच्या कडा, ब्रेकजवळच्या पट्ट्या, जिथे फट सापडली तिथून त्यांनी हवा बाहेरच्या बाजूला फेकायला सुरुवात केली. दरवर्षी दाब वाढला आणि दरवर्षी मागची हवा खराब होत गेली. २०२५ पर्यंत चालक पुन्हा जुनीच तक्रार करू लागले. २००९ मध्येही असंच झालं होतं: ओव्हरटेक वाढावेत म्हणून पंखांची मापं बदलली आणि त्याच मोसमात काही संघांनी दुहेरी डिफ्यूझरची (तळाच्या मागच्या टोकाशी दाब वाढवणाऱ्या भागाची) पळवाट शोधली. नियम करणारे दोन-चार वर्षांतून एकदा विचार करतात, संघ रोज रात्री करतात.

१२. २०२६ पासून काय बदललं?

डीआरएस गेलं. आता पुढचा आणि मागचा दोन्ही पंख सरळ रस्त्यावर आडवे होतात आणि वळणावर पुन्हा उभे राहतात, तेही सगळ्याच गाड्यांचे. मागच्याला खास मदत मिळते ती विजेची. इंजिनाच्या ताकदीत विजेचा वाटा आता जवळपास निम्मा, म्हणजे ३५० किलोवॉटपर्यंत आहे. एक सेकंदाच्या आत असलेल्या गाडीला ही पूर्ण ताकद ताशी ३३७ किलोमीटरपर्यंत वापरता येते. पुढच्या गाडीची मात्र २९० पासूनच उतरायला लागते. ती वीज कुठे साठवायची आणि कुठे खर्चायची हे चालकाच्या हातात असल्यामुळे डीआरएसपेक्षा यात डोकं जास्त लागतं.

आणि गाडी लहान झाली: रुंदी १.९ मीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.६ वरून ३.४ मीटर, किमान वजन ७६८ किलो. प्रश्न ७ मध्ये जे म्हटलं त्या दिशेने पाऊल पडलं याचा मला मनापासून आनंद आहे.

१३. जुन्या काळी तर लय चुरस असे म्हणतात. खरं का?

काही शर्यती अशा होत्या की कितीदा पाहिल्या तरी मन भरत नाही. १९७१ ला इटलीतल्या मोंझाला पहिल्या पाच गाड्या ०.६१ सेकंदात आल्या आणि पीटर गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकला. गाड्यांवर दाब कमी, रस्ता जवळजवळ सगळाच सरळ, म्हणून नुसत्या स्लिपस्ट्रीमवर पुढचा क्रम सतत बदलत होता. पुढच्याच वर्षी तिथे वेग कमी करायला आडवी वळणं घातली. १९७९ ला फ्रान्समध्ये दीजॉंला जिल व्हिलनव आणि रने आर्नू दुसऱ्या क्रमांकासाठी चाकाला चाक घासत लढले.

पण आपल्याला आठवतात त्या ह्याच. १९६९ ची स्पेनची शर्यत जॅकी स्टुअर्टने दोन पूर्ण फेऱ्यांच्या फरकाने जिंकली. त्या काळी गाड्या वाटेत बंद पडत आणि शेवटी मोजक्याच उरत. चुरस रोज होती असं म्हणणं खरं नाही. एवढं मात्र खरं की गाड्या जवळ आल्या तर जवळ राहू शकत होत्या.

१४. ओव्हरटेक दिसला नाही, पण क्रम बदलला. तो कधी झाला?

पिटमध्ये. मागच्याने आधी जाऊन नवे टायर घातले, तर पुढचा जुन्या टायरवर असतानाच तो दोन फेऱ्या जोरात मारतो. पुढचा पिटमधून बाहेर येतो तोवर हा निघून गेलेला असतो. याला अंडरकट म्हणतात. १९९४ ते २००९ शर्यतीत पेट्रोलही भरत, तेव्हा तर बहुतेक निकाल असेच लागायचे. १९९८ ला हंगेरीत मायकल शुमाकरने तीन थांबे घेऊन मॅक्लारेनच्या गाड्या अशाच मागे टाकल्या होत्या. रस्त्यावर जमत नसेल तर संघ पिटमध्ये प्रयत्न करणारच, आणि ते सोपं असलं की रस्त्यावर धोका कोणी पत्करत नाही. पेट्रोल भरणं बंद केलं हे म्हणूनच बरं झालं.

१५. ओव्हरटेक नाही तर पाहाचं काय?

अंतराचा आकडा. पडद्याच्या डाव्या बाजूला प्रत्येक नावापुढे तो असतो. १.८, १.५, १.१ असा उतरत आला की समजा चढाई सुरू झाली. ०.६ वर येऊन तीन फेऱ्या तिथेच थांबला, तर मागचा हवेत अडकला आहे. मग एकदम १.९ झाला तर तो हरला नाही, टायर थंड करतो आहे (प्रश्न ५). त्याच वेळी गाडीवरच्या कॅमेऱ्यात मागच्या चालकाचे हात पाहा: एकटा असताना स्टिअरिंग एकाच ओघात वळतं, आणि पुढे गाडी असली की वळणाच्या मध्यावर हात दोन-तीनदा बारीक झटके देतात. पकड सुटते आहे आणि तो ती सावरतो आहे, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

२००५ ला इमोलात अलोन्सोच्या मागे शुमाकर शेवटच्या डझनभर फेऱ्या चिकटून होता. ओव्हरटेक एकही नाही, अंतर शेवटी ०.२१५ सेकंद. २०२१ ला हंगेरीत अलोन्सोने जुन्या टायरवर लुईस हॅमिल्टनला दहा फेऱ्या रोखलं, आणि त्या दहा फेऱ्यांमुळे त्याचा सहकारी एस्टेबन ओकॉन जिंकला. रोखणं हीसुद्धा तेवढीच मोठी कला आहे. पटकन पुढे जाणाऱ्याला टाळ्या मिळतात, अडवून धरणाऱ्याला कमी मिळतात. आमच्या शेडमध्ये तरी आता दोघांनाही मिळतात.

१६. मोटोजीपी अन् फॉर्म्युला ई मध्ये तर गाड्या सारख्या पुढं-मांगं होतात. तिथं हवा नसते का?

हवा तीच, पण तिच्यावरचं अवलंबन वेगळं. मोटारसायकल अरुंद असते, रस्त्यावर चार जणांना जागा होते. तरी गेल्या दहा वर्षांत मोटोजीपीच्या गाड्यांनाही पंख लागले आणि तिथेही तीच तक्रार सुरू झाली: मागे राहिलं की पुढचा टायर तापतो, त्याचा दाब वाढतो. म्हणून २०२७ पासून तिथे इंजिन ८५० सीसीचं, पंख लहान आणि गाडी खाली-वर करणारी यंत्रणा बंद, असे नियम ठरले आहेत.

फॉर्म्युला ई च्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर दाब कमी आणि वीज मोजकी. तिथे मागे राहिलं की वीज वाचते, त्यामुळे पुढे राहणंच महाग पडतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही शर्यत हैदराबादला झाली होती. आमच्या भागातून मुंबईपेक्षा जवळ. तिथे ज्याँ-एरिक व्हर्नने शेवटच्या फेऱ्यांत वीज संपत आलेली असताना निक कॅसिडीला मागे रोखून जिंकलं. अमेरिकेतल्या नॅस्कारमध्ये टॅलाडेगासारख्या मोठ्या गोल सर्किटवर वळणंच एवढी तिरपी आहेत की ब्रेकची गरज पडत नाही, आणि अख्खा घोळका स्लिपस्ट्रीमवर पळतो.

१७. पाऊस आला की एकदम मजा कशी येते?

ओल्या रस्त्यावर वेग कमी होतो, ब्रेकचं अंतर लांबतं, गाडीपेक्षा चालकाचा हात मोठा ठरतो. प्रश्न ६ मधलं सगळं उलटं फिरतं. २०११ ला कॅनडात जेन्सन बटन एका वेळी शेवटच्या क्रमांकावर होता आणि शेवटच्या फेरीत व्हेटेल घसरल्यावर पुढे निघून जिंकला. फार जास्त पाऊस मात्र कामाचा नाही. पुढच्या गाडीच्या फवाऱ्यात मागच्याला काहीच दिसत नाही आणि शर्यत थांबवावी लागते.

१८. निळा झेंडा दाखवला की पुढची गाडी बाजूले होते. तो ओव्हरटेक धराचा का?

नाही. ती गाडी एक पूर्ण फेरी मागे पडलेली असते आणि तिने वाट द्यायचीच असते. दुर्लक्ष केलं तर दंड होतो. तसंच पिटमध्ये गेलेल्या, बंद पडलेल्या गाडीच्या पुढे जाणंही लढतीत धरत नाहीत. एक अपवाद लक्षात ठेवा: मागे पडलेल्या गाड्यांच्या घोळक्यात आघाडीचा चालक अडकला तर त्यालाही तीच विस्कटलेली हवा लागते, आणि दुसऱ्या क्रमांकावरचा तेवढ्यात जवळ येतो. आघाडीवर अंतर अचानक कमी झालं की आधी निळे झेंडे शोधा.

१९. दोघं बाजूबाजूले वळणात आले तर वाट कोणाची?

आतून जाणाऱ्याचा पुढचा आस वळणाच्या आतल्या टोकापर्यंत निदान समोरच्याच्या आरशाबरोबर आलेला असला पाहिजे, तर त्याला जागा द्यावी लागते. बाहेरून जाणाऱ्याला याहून जास्त पुढे असावं लागतं. बचाव करताना एकदाच बाजू बदलता येते आणि ब्रेक मारताना आडवं येता येत नाही.

यात एक पळवाट आहे. आतल्या बाजूचा बचाव करणारा मुद्दाम उशिरा ब्रेक मारून त्या टोकाला पुढे राहतो, मग दोघंही रस्त्याबाहेर जातात. २०२४ ला अमेरिकेत ऑस्टिनला लँडो नॉरिस बाहेरून, रस्ता सोडून व्हर्स्टापनच्या पुढे गेला आणि पाच सेकंदांचा दंड त्यालाच झाला. तिसरा क्रमांक व्हर्स्टापनला मिळाला. नियमाच्या अक्षरात ते बसतं. पण बाहेरून धाडस करणाऱ्याला असे नियम परावृत्त करतात, आणि बाहेरून केलेला ओव्हरटेक हाच तर सगळ्यात सुंदर असतो. इथे बदल झाला पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

२०. शेवटचा प्रश्न: हळू गाड्या पुढं अन् जोराच्या मांगं उभ्या केल्या तर?

हा उपाय फॉर्म्युला वनमध्ये चर्चेला आला होता, पण सगळे संघ तयार झाले नाहीत. मलाही मुख्य शर्यतीत तो नको वाटतो. शनिवारी जीव तोडून पहिला आलेल्याला मागे ढकलणं न्यायाचं नाही. खालच्या फॉर्म्युला टू मध्ये मात्र छोट्या शर्यतीसाठी पहिल्या दहांचा क्रम उलटा करतात. तिथे चालक शिकतात, गाड्या सगळ्यांच्या सारख्याच, त्यामुळे ते चालून जातं.

तरी त्याने ओव्हरटेक वाढतीलच असं नाही. मे २०२५ मध्ये मोनॅकोला आपला कुश मैनी पात्रता फेरीत दहावा आला, उलट्या क्रमाने छोट्या शर्यतीत सगळ्यात पुढे उभा राहिला आणि शेवटपर्यंत पुढेच राहून जिंकला. मोनॅकोत फॉर्म्युला टूची शर्यत जिंकलेला तो पहिला भारतीय. त्याच्या मागे बरोबरीच्या गाड्या होत्या, अरुंद गल्ल्या होत्या, आणि त्याने एकही चूक केली नाही.